वैरणीचा हिशेब

आमच्या जुन्या गोठ्याच्या भिंतीवर, गव्हाणीच्या वरच्या अंगाला, कोळशाच्या रेघा आहेत. घर नवीन झालं, गोठ्यावर पत्रा आला, खाली कोबा झाला, पण ती एक भिंत मी पाडू दिली नाही. येणारा-जाणारा विचारतो, "पोरांनी अभ्यास केलाय का काय?" मी सांगतो, "न्हाय, आमच्या आईनं केलाय."

आई शाळेत गेली नव्हती. शंभरापर्यंत मोजता यायचं, आणि तेवढं तिला पुरायचं. कडबा आमच्याकडं शेकड्यानंच मोजतात. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, वीस पाचुंद्यांचा एक शेकडा. एका शेकड्याला एक रेघ. गंज फोडली की रेघा मारायच्या आणि शेकडा संपला की शेणाचं बोट फिरवून एक रेघ बुजवायची. किती रेघा राहिल्या आणि मृग किती लांब आहे, एवढं बघून ती वर्ष कसं जाणार ते सांगायची.

आमचं गाव सांगोला तालुक्यात, पश्चिमेच्या अंगाला. माण नदी जवळ, पण तिला पाण्यापेक्षा वाळूच जास्त. खरिपात बाजरी, मटकी, हुलगा नशिबावर टाकायचा. खरा भरवसा हस्ताच्या पावसावर आणि रब्बीच्या ज्वारीवर. सहा एकर काळं रान आणि त्यात मालदांडी. शहरातल्या पाहुण्यांना वाटतं, ज्वारी माणसाच्या भाकरीसाठी पेरतात. ते अर्धंच खरं. माणसानं कणीस खायचं आणि जनावरानं धाट. आण्णा सांगायचे, हायब्रीड ज्वारी नवी नवी आली तेव्हा दाणा बघून लोक हरखले. पण ताट बुटकं, कडबा जाडाभरडा, जनावरं हुंगून तोंड फिरवायची. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी आमच्या भागात टिकली ती भाकरीच्या चवीमुळं, आणि तितकीच कडब्यामुळं.

आईचा हिशेब असा असायचा. होळीला गंज रचून झाली की तिथून नारळी पुनवेपर्यंत पाच महिने, म्हणजे दीडशे दिवस, दावणीला सुकी वैरण लागणार. मृग वेळेवर लागला तरी गवत बोटभर व्हायला पंधरा दिवस आणि तोंडात धरण्याजोगं व्हायला महिना जातो. एका जनावराला दिवसाला चार पेंढ्या. दावणीला पाच जनावरं. दिवसाला वीस, म्हणजे पाच दिवसांना एक रेघ. दीडशे दिवसांच्या तीस रेघा. एकराला पाच-सहाशे पेंढी पडते. म्हणजे पाच जनावरांसाठी पाच-सहा एकर ज्वारी पेरलीच पाहिजे. आमच्या रानात काय पेरायचं ते दावण ठरवायची, आणि हे मला फार उशिरा कळलं.

तिचा दुसरा नियम जास्त कडक होता. यंदाची गंज यंदा फोडायची नाही. नवी रचून झाली की मग मागल्या वर्षाची फोडायची. खाली दगड आणि बाभळीचे फेस टाकून, वाळवीला पत्ता लागू न देता रचलेली, वर उतरतं माथं करून शाकारलेली गंज दोन वर्षंही चांगली राहते. म्हणजे आमच्या दारात कायम एका वर्षाची वैरण शिल्लक असायची. दुष्काळ एका वर्षाचा असेल तर तो त्या गंजीवर निघून जायचा. १९७२ साली आईला नुकतंच कळायला लागलं होतं. तिच्या माहेरची दावण तेव्हा मोकळी झाली होती. एक गाय तेवढी वाचली. त्याच गायीच्या वेलातली खिलार कालवड तिनं पुढं लग्नानंतर माहेराहून आणली. आमची हरणी त्या वेलाची.

आण्णा २००९ साली गेले आणि कारभार माझ्या हातात आला. मी बारावी झालेला, सांगोल्यात काही वर्षं दुकानात काम केलेला. मला रेघा हसण्यावारी वाटायच्या. २०११ च्या हस्तात मी सहा एकरांपैकी चारच एकर ज्वारी टाकली आणि दोन एकर कांद्यासाठी ठेवलं. विहिरीला पाणी होतं. आई म्हणाली, "कांदा जनावर खात न्हाय." मी म्हणालो, "कांद्याच्या पैशानं वैरण इकत घेता येती."

मार्चमध्ये कडब्याचा व्यापारी दारात आला. त्या वर्षी आमच्याकडं पाऊस बेताचाच झाला होता आणि कडब्याला दर चढला होता. जुनी गंज दारात उभी, नवी गंज रचून झालेली. मला ती जुनी गंज म्हणजे नुसते पडून राहिलेले पैसे दिसले. दोन ट्रॅक्टर भरून गेले. आई ओट्यावर बसून होती. ती काही बोलली नाही. संध्याकाळी गोठ्यात गेलो तर तिनं नव्या गंजीच्या रेघा मारलेल्या होत्या. बावीस. तीसच्या जागी बावीस, आणि पाठीमागं काही नाही.

त्या पैशात कर्जाची भर घालून मी दोन होल्स्टीन संकरित गायी आणल्या. एक दिवसाला सोळा लिटर, दुसरी चौदा. डेअरीत माझं नाव झालं. आषाढात मोठी गाय माजावर आली. मी डॉक्टरांना फोन लावायला निघालो तेव्हा आई आडवी आली. तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. गायीचे नऊ महिने नऊ दिवस. "पाडव्याच्या आसपास ईल. तवा काय घालणार हाईस तिला? मार्गशीर्षात भरव. भादव्यात ईल. हिरवं दांडगं असतंय."

मी पुस्तकातलं सांगितलं. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते, एक माज चुकला की एकवीस दिवसांचं नुकसान, वर्षाला एक वेत मिळालंच पाहिजे. हे चूक नाही. आजही कुठलाही डॉक्टर हेच सांगेल. पण त्या पुस्तकातल्या गोठ्याला बारमाही हिरवा चारा धरलेला असतो. आमच्या गोठ्याला बावीस रेघा होत्या, त्यातल्याही दहा तेव्हा बुजल्या होत्या. मी गाय भरवली.

२०१२ चा पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. मृग कोरडा गेला, बाजरी करपली, हस्तात एक भुरभुर झाली तिच्यावर ज्वारी पेरली. ती गुडघ्याएवढी होऊन थांबली. कांद्याची विहीर पौषात उघडी पडली. ज्वारीचं ते वठलेलं कोवळं ताट तरी जनावरांना घालावं म्हणून मी विळा घेतला, तर आईनं हात धरला. पाण्याविना थांबलेल्या कोवळ्या ज्वारीत विष उतरतं, जनावर घटकाभरात आडवं होतं. गावात एकाची म्हैस तशी गेलीही. ताट पुरतं वाळेपर्यंत थांबलो.

जानेवारीत भिंतीवर एक रेघ उरली. दावणीला तेव्हा तीन जनावरं होती : दोन जर्सी-होल्स्टीनच्या थाटातल्या माझ्या, आणि हरणी. बैल मी आधीच विकले होते. छावणी उघडणार अशी नुसती चर्चा होती. एका रात्री जेवताना आई म्हणाली, "हरणीला दादाकडं धाडूया." दादा म्हणजे तिचा भाऊ, माझा मामा. त्याच्याकडं पाटाचं पाणी, उसाचं रान.

मी म्हणालो, "आये, ती तुझी गाय. त्यापरीस एक संकरित इकतो."

"कोण घेतंय आता? आन् तुझ्या गाईंवर कर्ज हाय. माझीवर न्हाय."

सकाळी टेम्पोत चढताना हरणी अडली. आयुष्यात ती कधी गाडीत चढली नव्हती. आईनं पुढं होऊन कपाळावर हात ठेवला तेव्हा चढली. टेम्पो गेल्यावर आई नेहमीसारखी झाडलोट करायला लागली. हरणीच्या जागचं शेण तिनं दुपारपर्यंत उचललं नव्हतं.

फेब्रुवारीत छावणी उघडली. मी, आई आणि दोन गायी तिथं राहायला गेलो. बांबूवर शेडनेट, खाली जनावर, बाजूला बाजलं. शेकडो जनावरं एका माळावर. टँकर आला की हंबरड्यानं कान फुटायचे. वैरण म्हणजे ऊस आणि उसाचं वाढं. सकाळी वाढं, संध्याकाळी वाढं. पाडव्यानंतर चौथ्या दिवशी गाय व्याली. आईनं तासाच्या आत कालवडीला चीक पाजला, वार पडायची वाट बघितली नाही.

तिसऱ्या रात्री गाय बसली ती उठेना. कान गार, मान वळवून कुशीवर टाकलेली, डोळ्यांत काही नाही. डॉक्टर रात्री एकला आले. त्यांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली, थेंब थेंब, एक हात गायीच्या छातीवर ठेवून. भराभर सोडलं तर काळीज बंद पडतं म्हणाले. अर्ध्या तासानं गाईनं ढेकर दिला, अंगावर काटा आला, आणि ती उभी राहिली. मग त्यांनी सांगितलं : उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. नुसत्या वाढ्यावर महिनोन्‌महिने ठेवलेली जास्त दुधाची गाय व्याली की अशी बसते. वाढं घालायचंच असेल तर त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि सोबत कोरडा चारा द्यावा.

"कोरडा म्हंजी कडबा का?" आईनं विचारलं.

"हो आजी. कडबा असला तर सोनंच."

आई माझ्याकडं बघेल असं मला वाटलं. ती गायीकडंच बघत राहिली. सोळा लिटरची गाय त्या वेताला सहावर थांबली. दूध आणि कर्जाचा हप्ता यांची गाठ दोन वर्षं पडली नाही.

२०१३ चा मृग चांगला बरसला. जुलैत हरणी परत आली. मामानं कमी केलं नव्हतं, पण त्याच्याकडंही वाढ्यापलीकडं काही नव्हतं. माकडहाड वर आलेलं, बरगड्या मोजाव्यात. तिचं वय झालं होतंच. ती पुन्हा माजावर आली नाही. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, औषध दिलं, मग मान हलवली. १९७२ च्या दुष्काळातून निघालेला वेल माझ्या हातात संपला. कालवडच झाली नाही, पुढं कोण चालवणार?

त्या वर्षी हस्तात मी सहाही एकर मालदांडी पेरली. शिमग्याला गंज रचली आणि आईला म्हणालो, "रेघा मार." तिनं हरणीच्याही धरल्या. मी हळूच म्हणालो, "भाकड गायीच्या सहा रेघा जातात, आये." ती म्हणाली, "तिनं पयल्या भरल्यात." त्यावर मी पुन्हा कधी बोललो नाही.

गंजीवर गंज चढवायला मला तीन वर्षं लागली. कडबाकुट्टी घेतली, अख्खी पेंढी टाकली की गाय पाला खाते आणि चिपाडं तुडवते, कुट्टीमुळं आमच्या दावणीत पाचातली एक पेंढी वाचते. विहिरीला पाणी असतं तेव्हा अर्धा एकर मका करतो आणि कणीस चिकात आलं की कापून, कुट्टी करून, हवा राहू न देता पिशव्यांत दाबून मुरघास घालतो. दीड महिन्यानं पिशवी उघडली की आंबूस-गोड वास सुटतो. गायी आता मी शक्यतो मार्गशीर्षाच्या आगेमागे भरवतो. एखादा माज जातो, जाऊ दे. व्यायच्या आधी दोन महिने दूध आटवतो, पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याची लस टोचून घेतो. यातलं अर्धं डॉक्टरांचं, अर्धं आईचं.

२०१८ साली पाऊस पुन्हा पाठ फिरवून गेला. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात पुन्हा छावण्या पडल्या. आमच्या दारात तेव्हा जुनी गंज उभी होती. चार जनावरांनी तो उन्हाळा घरच्या दावणीला काढला. हरणी त्याच उन्हाळ्यात, वैशाखात गेली. समोर कुट्टी होती. आई त्यानंतर दीड वर्षानं गेली. शेवटी तिला दिसत नव्हतं, तरी संध्याकाळी गोठ्यात येऊन भिंतीवरून हात फिरवायची आणि विचारायची, "किती ऱ्हायल्या?"

आता आमच्या बाजूला उपसा योजनेचं पाणी यायला लागलंय. शिवारात डाळिंब आणि ऊस दिसतो, ज्वारी शोधावी लागते. मळणीयंत्रात दाणा होतो, पण उपटणीला माणूस मिळत नाही. माझा मुलगा म्हणतो, सहाच्या सहा एकर ऊस लावू, वाढं फुकट मिळेल. त्याचं सगळंच चूक नाही. ज्वारीत पैसा नाही हे मलाही दिसतं. मी त्याला नाही म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, आधी गोठ्यात जा, कोळसा घे, दावणीला किती जनावरं आहेत ती मोज आणि रेघा मार. मग मला सांग, ऊस किती लावायचा ते.

परवा तो मोबाईलवर आकडेमोड करत बसला होता. तासाभरानं बाहेर आला आणि म्हणाला, "आण्णा, चार एकर ज्वारी तर पायजेच." बियाण्याची पिशवी मी आधीच आणून ठेवली होती.