नॅटचं इंजिन, कॅम्पबेलची बोट

इंग्लंडात एका शर्यतीच्या बोटीत मला माझं इंजिन भेटेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मुलगी लँकेस्टरला असते, म्हणून आम्ही दोघं उन्हाळ्यात तिकडे गेलो होतो. एका रविवारी जावयांनी गाडी काढली आणि कोनिस्टन नावाच्या खेड्यात नेलं. मला तळी-डोंगर बघायचा सोस नाही. गंगापूर धरणाचा काठ घरापासून हाकेवर आहे, तिथेही मी वर्षात एखादवेळी जातो. पण गावातल्या रस्किन म्युझियममध्ये एक निळी बोट आहे, ती बघू म्हणाले, म्हणून आत शिरलो.

बोट म्हणजे नाव कमी आणि पंख तोडलेलं विमान जास्त. बसायच्या जागेच्या दोन्ही अंगांना हवा ओढणारी तोंडं, मागे उभं शेपूट. मी हिला म्हटलं, "अगं, हे नॅटचं शेपूट आहे." ही म्हणाली, "तुम्हाला देवळाच्या कळसावरही विमानच दिसतं." शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर स्वयंसेवकाला मी विचारलं. तो म्हणाला, बरोबर ओळखलंत, आणि इंजिनही नॅटचंच, ऑर्फियस. मी तिथल्या बाकावर बसलोच.

माझं सांगायचं तर थोडक्यात: हवाई दलात इंजिन फिटर होतो, ७१ च्या लढाईनंतर नॅटच्या स्क्वाड्रनमध्ये. निवृत्तीनंतर नाशिक, सातपूरला एका कारखान्यात देखभाल विभाग, आता घरी. ओझरच्या मिगांमुळे नाशिककरांना विमानांचं अप्रूप नाही, पण नॅट म्हटलं की नव्या पोरांना काही आठवत नाही. हे छोटंसं ब्रिटिश लढाऊ विमान आपण परवाना घेऊन बंगळूरला एचएएलमध्ये बांधलं. ६५ च्या युद्धात त्यानं पाकिस्तानची सेबर विमानं पाडली. ७१ मध्ये श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों एकटे लढले ते नॅटमधूनच. त्याचं इंजिन ऑर्फियस. तेही बंगळूरलाच बनायचं आणि आपल्या एचएफ-२४ मारुतला अशी दोन दोन लावलेली असायची. सात टप्प्यांचा काँप्रेसर, एका टप्प्याची टर्बाईन, फार साधं आणि गुणी यंत्र. नॅट मात्र इतकं अरुंद की हात आत घातला की सालटं निघायची.

आता बोटीचं. पाण्यावरच्या वेगवान बोटींना पहिल्यापासून विमानांच्याच इंजिनांनी पोसलं आहे. ही निळी बोट चालवणाऱ्या डोनाल्ड कॅम्पबेलचे वडील माल्कम यांनी १९३९ साली याच कोनिस्टन तळ्यावर ताशी २२८ किलोमीटरचा विक्रम केला, तो श्नायडर करंडक जिंकणाऱ्या विमानांच्या रोल्स-रॉइस 'आर' इंजिनावर. महायुद्धानंतर अमेरिकेत लढाऊ विमानांची ॲलिसन आणि मर्लिन इंजिनं शिल्लक मालात निघाली. शर्यतीवाल्यांनी ती उचलली आणि लाकडी हायड्रोप्लेनच्या पोटात बसवली. सिएटलच्या 'स्लो-मो-शन ४' नं १९५० मध्ये ॲलिसनवरच ताशी २५८ किलोमीटर गाठले. या बोटींचं तत्त्व गोदेच्या पाण्यावर चपटा दगड टप्पे घेत जातो तेच: पुढे दोन बाजूंना दोन तरंडे, मागे तिसरा टेकू, बाकी सगळं अंग हवेत. पाणी जेवढं कमी शिवेल तेवढा वेग जास्त. पण खालून घुसणाऱ्या हवेनं नाक थोडं जरी जादा उचललं की बोट विमानासारखी उडते, आणि तिला पंख नसतात.

डोनाल्डनं नॉरिस बंधूंकडून ही ब्लूबर्ड के-७ बांधून घेतली. आधी तिच्यात मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचं बेरील जेट होतं. १९५५ ते १९६४ मध्ये त्यानं तिच्यावर सात विक्रम केले, शेवटचा ऑस्ट्रेलियात, ताशी ४४४ किलोमीटरचा. त्याच वर्षी जमिनीवरचाही विक्रम त्याचाच. पुढे आणखी जोर हवा म्हणून त्यानं एक अपघातग्रस्त नॅट विकत घेतलं आणि त्याचं ऑर्फियस हिच्यात बसवलं. ४ जानेवारी १९६७ ला सकाळी पहिली फेरी ताशी ४७९ ची झाली. विक्रमाला एका तासाच्या आत उलट दिशेनं दुसरी फेरी लागते आणि सरासरी धरतात. त्यानं इंधन भरायला न थांबता लगेच बोट वळवली. ताशी ५२८ च्या आसपास असताना नाक उचललं, बोट हवेत उलटली आणि तो गेला. कारणांवर आजही वाद आहेत: स्वतःच्याच लाटा, विझलेलं इंजिन, हलकी झालेली इंधनटाकी. मी ऑर्फियसवर इतकी वर्षं काढली, पण अंदाज सांगणार नाही. ज्या विमानाच्या फॉर्म ७०० वर, म्हणजे देखभालीच्या वहीवर, माझी सही नाही, त्याच्याबद्दल मी बोलत नाही.

इथपर्यंत ठीक. पण स्वयंसेवकानं पुढचं सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. बिल स्मिथ नावाच्या पाणबुड्यानं हे धूड तळाशी शोधून काढलं, २००१ साली वर आणलं. त्याच वर्षी कॅम्पबेलचा देहही सापडला आणि याच गावात पुरला. कुटुंबानं २००६ मध्ये बोट म्युझियमला दान केली. स्मिथ आणि त्याच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं वाकलेले पत्रे सरळ केले, नवा पत्रा घालण्यापेक्षा जुनाच शक्य तितका परत वापरला, दुसरं ऑर्फियस बसवलं आणि २०१८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉक फॅडवर ती पुन्हा चालवली. मग स्मिथ आणि म्युझियमचं फाटलं. बोट कुणाची, कुठे ठेवायची, पुन्हा पाण्यात घालायची का, सगळं वकिलांपर्यंत गेलं. अखेर मार्च २०२४ मध्ये ती कोनिस्टनला आली.

"म्हणजे ज्यांनी उभी केली त्यांचं काय?" मी विचारलं. तो सभ्य माणूस होता. म्हणाला, दोन्ही बाजू आहेत.

दोन बाजू असतात हे मलाही कळतं. पण मला आमच्या शहरातली एक शिक्षणसंस्था आठवली. तिला काही वर्षांपूर्वी मोडीत निघालेलं एक ऑर्फियस मिळालं होतं. विद्यार्थ्यांना आतली रचना दिसावी म्हणून ते कापून मांडायचं होतं. मी आणि माझे दोन जुने सहकारी, तिघांनी अख्खा पावसाळा त्याच्यावर घालवला. पात्यांवर गंज, शाफ्ट जाम, निम्मे बोल्ट गायब. सातपूरच्या एका टर्नरनं बोल्ट फुकट कातून दिले. कुठल्या कोनात कापलं तर दहनकक्षही दिसेल आणि टर्बाईनही, यावर आम्ही तिघं तरण्या पोरांसारखे भांडलो. कडा घासून, रंगानं हवेचा मार्ग निळा आणि गरम वायूचा लाल केला.

उद्घाटनाला आम्हाला तिसऱ्या रांगेत खुर्च्या. पाटीवर प्रमुख पाहुण्यांचं नाव, अध्यक्षांचं, प्राचार्यांचं आणि रंग ज्यांनी दिला त्या दुकानाचंसुद्धा. आमची नावं नाहीत. त्या टर्नरचं तर कुणाला ठाऊकच नाही. विचारलं तर उत्तर, "काका, जागा कमी होती." जागा कमी! पाटी चांगली दोन फूट रुंद होती. पुढे नातवाला दाखवायला घेऊन गेलो तर वॉचमननं गेटवर अडवलं, परवानगीपत्र आणा म्हणाला. मी कापलेलं इंजिन बघायला मला पत्र. नातू विचारतो, "आजोबा, ते खरंच तुम्ही केलंय ना?" हे मी आजही विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

हवाई दलात फॉर्म ७०० वर आधी फिटर सही करायचा, मग वैमानिक सही करायचा, तेव्हा विमान हलायचं. त्या वहीत आमची नावं एकाच पानावर असत. बाहेरच्या जगात ती वही नाही. माल्कम आणि डोनाल्ड दोघांचीही यंत्रं सांभाळणारा लिओ व्हिला इतकी वर्षं त्या घराण्याबरोबर राहिला, पण लोक कॅम्पबेलचं नाव घेतात. केन वॉर्बीचं मला म्हणून पटतं. त्यानं सिडनीत घराच्या परसात स्वतः बोट बांधली, लिलावातलं जुनं जेट इंजिन बसवलं, १९७८ मध्ये स्वतःच चालवून ताशी ५११ किलोमीटर गाठले. तो विक्रम अजून तुटलेला नाही. कर्ताही तोच, फिटरही तोच, भांडणच नाही.

तर मी स्मिथच्या बाजूचा, असं गाडीत जावयांना सांगितलं. ते म्हणाले, "बाबा, पण दान केलेली वस्तू दुरुस्त करणाऱ्याची कशी होईल? गॅरेजवाला गाडी ठेवून घेईल का?" मी म्हटलं, गॅरेजवाल्याला तुम्ही पैसे देता. ते गप्प बसले. पण खरं सांगायचं तर ते बरोबर होते, आणि मला म्युझियममध्येच ते जाणवलं होतं. ज्या तळ्यात तो माणूस गेला, ज्या गावात पुरला, तिथेच ती बोट शोभते. स्कॉटलंडला किंवा कुणाच्या शेडमध्ये ती नुसता सुबक पत्रा झाली असती.

घरी परतल्यावर मुलीनं लॉक फॅडचा व्हिडिओ लावला. बोट लांब होती, पण ऑर्फियस सुरू होताना चढत जाणारी ती शीळ मी डोळे मिटून ओळखली. आणि वाटलं, झक मारली म्युझियमनं! इंजिन चालण्यासाठी असतं. मग पुन्हा वाटलं, ती परत उलटली असती तर?

संस्थाचालकांना मात्र एक फुकटचा सल्ला देतो. जुनं विमान, तोफ, वाफेचं इंजिन, आवारात काहीही मांडा. ज्यांनी घासूनपुसून उभं केलं त्यांची नावं एका कागदावर लिहून फ्रेम करा, पाटीवर जागा नसली तरी भिंत असते. आणि निवृत्त कारागिरांनो, तुम्ही काम घ्यायच्या आधी ती फ्रेम लेखी मागून घ्या. मी मागितली नव्हती. पुन्हा कुणी ऑर्फियस आणलं तर बहुधा तरीही जाईन, न मागताच.