दोन्ही बाजूंच्या खुणा

तीन आठवडे आमच्या मोटारसायकलची चेन खडखडत होती. आम्ही म्हणत होतो, "रविवारी बघू." रविवारी वस्तीत कोणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कोणाच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म. गाडी तशीच राहिली. मग एका रात्री बैठकीहून परतताना चेन उतरून चाकात अडकली. मागे पत्नी बसली होती. वेग कमी होता म्हणून कोपर खरचटण्यावर भागले. ती एवढेच म्हणाली, "लोकांचे अर्ज वेळेवर भरता, मग घरच्या गाडीकडे कोण बघणार?" आम्हांला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या मेकॅनिककडे गेलो. वयाने तो आमच्या मुलासारखा. पण त्या दिवशी गुरू तो आणि शिष्य आम्ही. त्याने शिकविले ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये, गाडी डबल स्टँडवर घ्यावी. चालू इंजिनावर चेनला हात लावू नये, बोटे जातात. खालची चेन मध्यभागी बोटाने वरखाली करावी. आमच्यासारख्या १०० सीसी गाडीला साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाक हाताने फिरवून चेन जिथे सर्वांत घट्ट लागते, तिथे मोजावे. ढील जास्त असेल तर ॲक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवावेत. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरके बसते. आम्ही बी.कॉम. झालेले; जमा आणि खर्च जुळवण्याचाच हा प्रकार! शेवटी ॲक्सलचा नट पक्का आवळून ढील पुन्हा मोजावी. चाक मागे सरकल्याने ड्रम ब्रेकचा रॉड ताणला जातो, तोही तपासावा.

आम्ही म्हणालो, "अजून घट्ट कर, म्हणजे लवकर सैल होणार नाही." तो हसला. "काका, माणसे बसली की चेन आणखी ताणते. जास्त आवळली तर बेअरिंग जाते." काही विजेच्या स्कूटरींना चेनऐवजी पट्टा असतो. त्यालाही ताण बेताचाच लागतो. मात्र चेनसारखे तेल लावायचे नसते.

गेल्या रविवारी आम्ही स्वतः पाना हातात घेतला. दहावीतली मुलगी टॉर्च धरून उभी होती. काम संपले म्हणून आम्ही हात पुसू लागलो, तर ती म्हणाली, "बाबा, डावीकडची खूण एक घर मागे आहे." खरेच होती. आम्ही पाना तिच्या हातात दिला. तिने खुणा जुळविल्या, नट आम्ही आवळला.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी आधी चेन, मग अर्ज. संध्याकाळी पत्नी मागे बसली. खडखड नव्हती. तीही काही बोलली नाही. पण या वेळी ते न बोलणे आम्हांला बरे वाटले.