भिकूशेठ

नाव आईने ठेवलं. शेजारच्या बंगल्यातल्या पर्शियन मांजरीचं एका गावठी बोक्याशी जमलं आणि बंगलेवाले पिल्लं वाटत सुटले, त्यातलं एक आमच्या वाट्याला आलं. करडा रंग, अंगभर लांब केस, आणि बसणं असं की पेढीवर गादी-लोड टाकून सावकार बसलाय. आई त्याच्याशी अहो-जाहो करायची. ‘शेठ, जरा सरका, केर काढायचाय.’ मग आम्हीही करायला लागलो.

शेठ ओकायचे ते पहाटेच्या अंधारात आणि कापडावरच. घरभर शहाबादी फरशी मोकळी असायची, तरी त्यांना सतरंजी, गोधडी नाहीतर इस्त्री करून ठेवलेला सदराच लागायचा. आधी अस्वस्थ फेऱ्या, मग मान पुढे काढून थांबणं, मग पोट आत-बाहेर व्हायला लागायचं आणि घक्-घक् असे उमासे. या अवस्थेत ते मागे मागे सरकत. आपण उठून वर्तमानपत्र पुढे सरकवावं तर ते बरोब्बर त्यावरून मागे सरून गोधडीवर यायचे. काम झालं की तिकडे ढुंकूनही न बघता भांड्याकडे जाऊन खायला मागायचे.

लोक केसांचा गोळा म्हणतात, पण पडायचा तो गोळा नव्हेच. अन्ननलिकेतून पिळून आलेली, बोटाएवढी ओली सुरळी असायची. मी एकदा ती काडीने उकलून पाहिली. करडे केस तर होतेच, पण माझ्या बायकोचा एक लांब केसही होता, आणि आईच्या गजऱ्याचा वीतभर दोरा. केसांचं कोणाला काही वाटलं नाही. दोऱ्याचं ऐकून मात्र डॉक्टर गंभीर झाले. दोरा आतड्यात अडकला तर आतडं त्यावर चुणत जातं आणि कापलंही जातं. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही, मांजर तसंच उचलून दवाखान्यात आणायचं. त्या दिवसापासून गजरा उतरला की झाकणाच्या डब्यात जायला लागला.

मांजराची जीभ म्हणजे घशाकडे वळलेल्या काट्यांची पट्टी. आपली नखं ज्या केराटिनची, त्याचेच हे काटे. त्यांची टोकं पोकळ असतात आणि त्यांतून लाळ केसांच्या मुळांपर्यंत पोचते, हे २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. चाटून सुटलेला केस या काट्यांमुळे पुढे थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. आणि जागेपणाचा जवळजवळ चौथा हिस्सा मांजर अंग चाटण्यात घालवतं. केस पचत नाही. बराचसा शीवाटे निघून जातो, राहतो तो पोटात साठून एक दिवस आमच्या गोधडीवर येतो.

पोटात असं काहीबाही साठणं मांजराचीच मिरास नाही. शेळ्या-बकऱ्यांच्या पोटात केस-चोथ्याभोवती थर बसून जे खडे होत, ते विषावरचा उतारा म्हणून एकेकाळी सोन्याच्या भावाने जात. ते पुरेनात, तेव्हा सतराव्या शतकात गोव्यातल्या जेझुइटांनी तसले गोळे स्वतःच वळायला घेतले, आणि ‘गोवा स्टोन’ म्हणून ते सोन्याच्या जाळीदार डब्यांतून युरोपात पोचले. आमच्या मालाला गिऱ्हाईक नव्हतं.

गणपतीत शेठ पूजेच्या ताटातल्या दूर्वा खायचे. आईच्या मते ते पोट साफ करायला. असेलही, पण दूर्वा खाऊन ते प्रत्येक वेळी ओकत असं नाही. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं: महिन्या-पंधरा दिवसांनी एखादा केसांचा गुंडा पडला, मांजर खातंय-पितंय, तर घोर लावून घेऊ नका. वरचेवर पडायला लागले तर पिसवा आहेत का, कातडीला खाज आहे का, आतड्याचं काही आहे का ते बघावं लागेल. आणि नुसतेच उमासे येतायत, बाहेर काही पडत नाही, खाणं सुटलंय, शी होत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही.

खरा उपाय विंचरणं. दुकानातून आणलेला महागडा ब्रश शेठना पसंत पडला नाही. आईने आपली जुनी लाकडी फणी काढली. संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी पाठीपासून सुरुवात, मग मान, मग कुशी. पोटाला हात लावला की पंजा यायचा, मग त्या दिवसापुरतं बंद. जोडीला डॉक्टरांनी दिलेली माल्टची पेस्ट, पुढच्या पायावर लावायची म्हणजे ते आपणहून चाटत. तेल-तूप जबरदस्तीने घशात ओतायला त्यांनी सक्त मनाई केली होती, ते फुप्फुसात जाऊ शकतं. उकडलेला लाल भोपळा जेवणात चमचाभर चालेल म्हणाले. शेठनी तो वेगळा काढून ताटलीबाहेर ठेवला.

एका थंडीत त्यांना पुन्हा उबळी यायला लागल्या. मी वर्तमानपत्र घेऊन धावायचो, पडायचं काहीच नाही. दोन-तीन दिवसांनी आई म्हणाली, ‘अरे, हे उमासे नाहीत. ही ढास आहे.’ आजोबांचा दमा तिने वर्षानुवर्षं ऐकला होता. मग मीही नीट बघितलं. उमाशांच्या वेळी पोट हलायचं. आता शेठ कोपरं बाहेर काढून जमिनीलगत दबून बसत, मान लांब करत, खोकत, आणि शेवटी काहीतरी गिळल्यासारखं करून उठत. एक्स-रे काढला. दमाच होता. लहान मुलांना लावतात तसा मास्क, नळकांडं आणि पंप. देव्हाऱ्यातली उदबत्ती आईनेच बंद केली, देवाला विचारलं की नाही माहीत नाही.

त्यानंतर बरीच वर्षं बरी गेली. म्हातारपणी गुंडे पडायचे जवळजवळ थांबले आणि मला बरं वाटलं. आईला वाटलं नाही. सांधे धरल्यामुळे शेठची मान पाठीपर्यंत वळत नव्हती. चाटणंच सुटलं तर गुंडा येणार कुठून? कमरेवर केसांच्या जटा झाल्या, फणी अडकायला लागली. कात्रीने कापू नका, खालची कातडी ओढली जाऊन कापली जाते, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मशीन फिरवलं. आत इतकंसं मांजर होतं! मानेची झूल आणि शेपटीचा गोंडा तेवढा ठेवला होता.

दवाखान्यातून परतताना जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. पिशवीत डोकावून म्हणाल्या, ‘अगंबाई, दुसरं आणलंत?’

‘तेच आहेत,’ आई म्हणाली. ‘उन्हाळा आहे ना.’