कपाटातली सीडी

२००४ साली मी वेल्हे तालुक्यात (आता राजगड तालुका) तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. पालकसभेत मी ठणकावून सांगितलं होतं, "टीव्हीला ते खेळाचं यंत्र जोडू नका, पोरं मठ्ठ होतील." तेव्हा मनापासून बोललो होतो. आज तितक्याच मनापासून सांगतो, माझं चुकलं.

पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या एका पालकाने शिमग्याला येताना तपकीर गल्लीतून व्हीसीडी प्लेअर आणला. सोबत दोन जॉयस्टिक आणि '३०० गेम' असं छापलेली सीडी. वाडीने आधी सिनेमे पाहिले. एका व्हीसीडीवर साधारण ७४ मिनिटंच मावायची, म्हणून ऐन मारामारीत उठून दुसरी लावायची. ती आधी लुगड्याच्या पदराने पुसायची, मधून कडेकडे. सिनेमे संपले आणि उन्हाळाभर गेमची सीडी लागली. जूनमध्ये शाळा भरली तरी पोरांच्या तोंडी तेच. मी त्या घरी गेलो. "गुरुजी, तुम्ही म्हणताय तर ठेवून देतो," म्हणत बापाने प्लेअर पत्र्याच्या पेटीत टाकला. सीडी मी शाळेच्या कपाटात कुलूपबंद केली.

श्रावणात वह्या तपासत होतो. त्याच घरची मुलगी चौथीत होती. तिच्या गणिताच्या वहीची मागची पानं भरलेली दिसली. '७ – टाकी. ८ – मिशीवाला उड्या मारतो. २३ – मोटारसायकल.' पडद्यावरची इंग्रजी नावं तिला वाचता येत नव्हती, म्हणून आकड्यांपुढे तिने आपली नावं घातली होती. पुढे होतं, '३१ म्हणजे ७च. ४४ म्हणजे ८च, रंग वेगळा.' पानंच्या पानं अशी. खेळ तीनशे नाहीतच, मोजकेच आहेत आणि तेच फिरवून फिरवून दिलेत, हे तिने एकेक आकडा लावून पाहून ठरवलं होतं. 'निरीक्षण करा, नोंद ठेवा' हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! तिने ते केलं होतं, आणि मी ते मध्येच बंद पाडलं होतं.

टीव्हीपुढे माणसाने नुसतं बसू नये, त्याला निवडता यावं, विचारता यावं, म्हणून फिलिप्सने १९९१ साली अमेरिकेत सीडी-आय नावाचा प्लेअर आणला होता, हे मला पुष्कळ नंतर वाचनात आलं. संग्रहालयाची सफर, विश्वकोश, खेळ, सगळं तबकडीवर. तो फारसा खपला नाही. १९९३ साली ठरलेल्या व्हीसीडीच्या मागेही सोनी, जेव्हीसी आणि मात्सुशिताच्या जोडीने फिलिप्स होतीच, आणि ती व्हीसीडी मात्र आमच्या वाडीपर्यंत पोचली. एवढ्या मोठ्या कंपनीला लोकांच्या गळी उतरवता न आलेली गोष्ट इथे एका पोरीला कुणी न शिकवता उमगली होती.

त्याच संध्याकाळी सीडी घेऊन तिच्या घरी गेलो. बापाला म्हटलं, "पेटी उघडा, चूक माझी होती." वेल्ह्याच्या पावसात पेटीतल्या कपड्यांनाही बुरशी येते. प्लेअर लावला तर 'नो डिस्क' एवढंच. कापसाला स्पिरिट लावून लेन्स पुसली, पुन्हा लावली, पुन्हा तेच. बाप म्हणाला, "राहू द्या गुरुजी, पुण्याला नेतो."

मुलगी वही घेऊन शेजारी येऊन बसली होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "१८६ पर्यंत झालेत."