वाफसा

ग्रामीण कादंबरी शिकवताना ‘वाफसा’ या शब्दापाशी आम्हांला हमखास थांबावे लागते. शब्दकोशातला अर्थ सांगून भागत नाही. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतले जादा पाणी निचरून जाते, ओल मात्र राहते आणि मातीच्या कणांमध्ये पाण्याबरोबर हवाही खेळू लागते. त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. मूठभर माती घेऊन दाबावी, तिचा गोळा व्हावा आणि खाली टाकताच तो फुटावा. फुटला नाही तर चिखल. गोळा झालाच नाही तर धूळ. पेरणीची वेळ नक्षत्र सुचवते, पण ठरवते ती ही मूठ.

यंदा हा शब्द एका अगदीच नागरी प्रश्नाच्या निमित्ताने आमच्या घरात वावरू लागला. अंगणातल्या हिरवळीला स्वयंचलित फवारे बसवायचे, तर ते केव्हा? प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे, हे आम्ही जाणतो. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. सोलापूर शहराच्या कडेला आमचे छोटे घर आणि घरापुढे सुमारे आठशे चौरस फुटांची हिरवळ. तिला रोज नळीने पाणी देणे हे तासाभराचे काम. फवारे बसवणाऱ्या कारागिराने उपाय सांगितला : जमिनीखाली पाइप, ठरावीक अंतरावर दाब येताच वर उठणारी फवाऱ्यांची तोंडे आणि पहाटे आपोआप चालू होणारे घड्याळ. गच्चीवरच्या टाकीचा दाब त्यांना पुरत नाही, म्हणून एक छोटा पंप. पहाट अशासाठी, की तेव्हा वारा पडलेला असतो आणि ऊन नसल्याने पाणी वाफ होऊन उडत नाही. संध्याकाळी दिले तर गवत रात्रभर ओले राहून त्यावर बुरशी धरते. हे सारे पटण्यासारखे होते.

राहिला तो मुहूर्त. आमच्या अंगणातली माती काळी. भर पावसात तिच्यात चर खणावा तर कुदळीला चिखलाचे गोळे चिकटतात. मे महिन्यात खणावा तर तिला हात हात भेगा पडलेल्या असतात आणि ढेकूळ दगडासारखे लागते. कारागीर म्हणाला, उन्हाळ्याच्या आत कधीही उरकू. आबांनी मात्र एका शब्दात उत्तर दिले : “वाफशावर.” म्हणजे हस्ताचा पाऊस ओसरल्यानंतर, इकडे ज्वारीच्या पेरण्या चालू असतात त्या सुमारास. आबा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. शेत वाट्याने देऊन चार वर्षांपूर्वी ते आमच्याकडे राहायला आले.

आमच्या हिरवळीकडे ते पहिल्या दिवसापासून काहीशा विस्मयाने पाहतात. ज्याला आपण कौतुकाने ‘लॉन’ म्हणतो ते गवत बहुतेक ठिकाणी हरळीच असते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तीच दूर्वा, गणपतीला वाहतो ती. देव्हाऱ्यात पूज्य असलेली ही वनस्पती शेतात मात्र कुणब्याची जन्माची वैरीण. ऐन उन्हाळ्यात जमीन खोल खणून तिची मुळे वेचून काढण्यात पिढ्याच्या पिढ्या खपल्या. आबा स्वतः साठ वर्षे हरळी खणत आले, आणि आता मुलाच्या दारात तिलाच पाणी घालतात. यातला विनोद त्यांना आमच्याआधी कळला होता.

विनोदामागे एक हिशेबही आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आठशे चौरस फूट म्हणजे सुमारे चौऱ्याहत्तर चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरले तरी पावणेचारशे लिटर होतात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी दिवसाला पंचावन्न लिटरांचे परिमाण धरले. त्या मापाने आमची हिरवळ जवळजवळ सात माणसांचे पाणी पिते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ती गाडी आमच्याच जिल्ह्यातून, पंढरपूर-कुर्डुवाडीवरून गेली. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितले. मैदानांच्या हिरवळीला लागणारे पाणी हाच त्या याचिकेचा विषय होता. आमच्या उजनी धरणातल्या एकूण साठ्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी ‘मृतसाठा’ म्हणून गणले जाते. उन्हाळ्यात धरण त्या रेषेखाली गेले, की लोक ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात हे वाक्य आम्ही रोज ऐकत होतो. आमच्या अंगणाला बोअरचे पाणी आहे हे खरे. पण बोअरही त्याच भूमीतून ओढते.

फवारे नळीपेक्षा पाणी वाचवतात, हा युक्तिवाद आमच्यापैकी एकाने केला आणि तो खोटा नाही. दुसरीचे म्हणणे असे, की वाचवलेले पाणी मोजण्याआधी हिरवळीची भूक कमी करावी. हा वाद आम्ही पुष्कळ दिवस घातला. तो घालणे सोपे होते, कारण ज्या गोष्टीविषयी आम्ही बोलत नव्हतो ती याहून अवघड होती.

संध्याकाळी पाच वाजता आबा नळी हाती घेतात. त्यांच्या बोलीत या कामाला ‘दारे धरणे’ म्हणतात : पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवणे, एक दार फोडणे, दुसरे मातीने बांधणे. अंगणात ना पाट आहे ना दारे, तरी शब्द तोच. गुडघा दुखत असला तरी नळी सुटत नाही; ‘आबा, आज राहू द्या’ म्हटले तर ‘तुम्ही पेपर तपासा’ असे उत्तर मिळते. दिवसभरात या घरात त्यांच्यावाचून अडणारे काम एवढे एकच. पहाटे चालू होणारे घड्याळ नेमके तेच काढून घेणार होते. त्यांचा गुडघा पाहता फवारे आजच हवेत. त्यांची संध्याकाळ पाहता ते कधीच नकोत. या दोहोंच्या मधला वाफसा कोणत्या मुठीने तपासायचा?

ऑक्टोबरात एका रविवारी आबांनीच अंगणातली मूठभर माती दाबली, गोळा टाकून पाहिला आणि म्हणाले, “पायपा आत्ताच पुरून घ्या. वाफसा परत वरीसभरानं येतो. फवारे काय, कवाबी लावता येतील.” ‘कवाबी’ म्हणजे केव्हा, हे आम्ही विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

त्याच आठवड्यात चर खणून झाले. पाइपांची सहा तोंडे टोपणे लावून हिरवळीखाली बंद आहेत. पंप आणि घड्याळ आणलेले नाही. फेब्रुवारीनंतर नळी फक्त तुळस, मोगरा आणि कढीलिंबाला द्यायची व हिरवळ खुशाल पिवळी पडू द्यायची, असेही ठरले आहे. हरळी मरत नाही, मृगाच्या पहिल्या पावसात ती आपली आपण उठते, याची हमी आबांनी दिली आहे. आणि साठ वर्षांच्या वैराने दिलेल्या हमीवर आमचा पूर्ण विश्वास आहे.