कोरफडीची शहानिशा

बांधावर, कुंपणालगत किंवा परसात जे जे मांसल, काटेरी पानांचे झुडूप दिसेल त्याला बेलाशक कोरफड म्हणण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे, ती औषधाच्या बाबतीत घातक आहे असे माझे ठाम मत असल्यामुळे, वनौषधी शिकण्यास येणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे मी आरंभीच कोरफड आणि घायपात यांची पाने शेजारी शेजारी ठेवतो. घायपाताच्या पानाच्या अग्रावर कठीण, काळपट काटा असतो, पान मोडू गेल्यास आतला वाख तुटता तुटत नाही आणि रस अंगाला लागला तर त्यातील सूक्ष्म स्फटिकांमुळे कातडीची आग होते. उलट कोरफडीचे टोक मृदू, कडेचे दात फिकट व लहान, आणि पान वाकवताच काकडीसारखे कडकन मोडणारे. पांढऱ्या ठिपक्यांच्या दाखल्यावर मात्र विसंबू नये, कारण कोवळ्या पानांवरचे ठिपके पान जून होताच बहुधा मावळतात. दांड्यावर खाली झुकलेली पिवळी, नळीसारखी फुले दिसली, तर खातरजमा पुष्कळ अंशी झाली असे समजावे. लिनीअसने १७५३ साली जिला दुसऱ्या एका जातीचा केवळ प्रकार म्हणून नोंदविले आणि जिला स्वतंत्र जातीचा दर्जा १७६८ साली बर्मन व मिलर यांनी निरनिराळ्या नावांनी दिला, तिच्यापाशी नवशिक्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे, हे मला रास्तच वाटते.

परंतु झाड ओळखले म्हणजे औषध ओळखले असे होत नाही, कारण या एकाच पानात परस्परांहून अगदी भिन्न गुणांची दोन द्रव्ये नांदतात. पान बुंध्याशी कापून, छेद खाली करून वाटीत उभे केले, की हिरव्या सालीच्या लगत आतून पिवळा चीक थेंबाथेंबाने उतरू लागतो. तो कमालीचा कडू असतो, वारा लागताच तपकिरी पडतो आणि आटवून वाळविला म्हणजे त्याचाच काळा बोळ होतो. हा तीव्र रेचक असल्याने गर्भवतीस सर्वथा वर्ज्य. मधला गर रंगहीन आणि शीतल; भाजलेल्या त्वचेवर लावतात तो हाच. विद्यार्थी उतावळेपणाने लगेच चमचा घेऊन गर खरवडू लागतात, तेव्हा मी त्यांना हटकतो, चीक गळायचा थांबेपर्यंत बसवून ठेवतो, मग साल जाड काढावयास व गर दोन-तीन पाण्यांनी धुवावयास सांगतो. आणि इतके करूनही ज्यात पिवळी झाक उरते, तो गर मी कोणालाही पोटात घेऊ देत नाही.