तळपाय

लहानपणी आमच्या पडवीत, चपलांच्या शेजारी, रॉकेलची एक चपटी बाटली आणि चिंधीचा बोळा असायचा. पावसाळ्याच्या तोंडाशी पुळणीवर खेळून आलं की आजी उंबऱ्याबाहेरच थांबवायची आणि एकेक पाय उचलून बघायची. टाचेला, बोटांच्या बेचक्यात काळं चिकट डांबर लागलेलं असे. ती ते घासघासून काढी, वर खोबरेल चोळी. कुठल्या जहाजानं टाक्या धुतल्या, कुठे तेल गळलं, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नसे. शिंपल्यांसारखं डांबरही समुद्रच देतो, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

गेल्या ऑगस्टमध्ये लेकीकडे अ‍ॅडलेडला गेले होते. तिथून गाडीनं जवळजवळ हजार किलोमीटर जाऊन आम्ही ‘हेड ऑफ बाइट’ला पोचलो. ऑस्ट्रेलियाचा दक्षिण किनारा जिथे कोयत्यासारखा आत वळतो, तो हा ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट. पश्चिमेला चुनखडीचे उभे कडे, समोर थेट अंटार्क्टिकापर्यंत पाणी. कठड्यावरून खाली पाहिलं तर देवमाशीण आणि तिचं पिल्लू. ती नुसती पडून होती, डोक्यावर पांढरट खरबरीत गाठी. पिल्लू तिच्या पाठीवर चढे, घसरे, पुन्हा चढे.

इंग्रजीत यांना ‘राइट व्हेल’ म्हणतात, म्हणजे मारायला योग्य! संथ, मेल्यावर तरंगणारा, चरबीत भरपूर तेल असलेला. त्या तेलापायी एकोणिसाव्या शतकात यांचा जवळजवळ निर्वंश झाला. पुढे दिवे दुसऱ्या तेलावर जळू लागले आणि त्या तेलासाठी माणूस याच समुद्राकडे परत आला. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात जिची विहीर ८७ दिवस वाहत होती, त्याच बीपीला इथेही खोदायचं होतं. २०१६ मध्ये तिनं बेत सोडला, पुढच्या वर्षी शेवरॉननं. नॉर्वेची इक्विनॉर मात्र किनाऱ्यापासून ३७२ किलोमीटरवर, दोन किलोमीटरहून खोल पाण्यात विहीर घ्यायला निघाली. मिर्निंग आदिवासी, मच्छीमार विरोधात उभे राहिले. सर्फिंग करणारे आपापल्या फळ्या घेऊन निषेधासाठी पाण्यात उतरले. तरी डिसेंबर २०१९ मध्ये परवानगी मिळाली. दोनच महिन्यांत, फेब्रुवारी २०२० मध्ये, कंपनीनंच परवडत नाही म्हणून माघार घेतली.

परवडत नाही, हा शब्द मला टोचत राहिला. उद्या परवडू लागलं तर? पण हे मी कुठल्या तोंडानं विचारू? १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागलं, तेव्हा आमच्या घरात आनंदच झाला होता. आणि हा देवमासा बघायलासुद्धा मी हजार किलोमीटर पेट्रोल जाळत आले होते.

विहीर फुटेल ही भीती सगळेच बोलून दाखवतात. मला धास्ती वाटते ती पडवीतल्या त्या चपट्या बाटलीची. समुद्र थोडाथोडा बिघडतो, आपण दारात रॉकेल ठेवतो, आणि पुढचं पोर त्यालाच समुद्र समजतं.

परतताना फाउलर्स बेच्या वाळूत नातू थंडीतही अनवाणी हुंदडला. गाडीत चढण्याआधी मी त्याला थांबवलं, एकेक पाय उचलून पाहिला.

“काय बघतेस, आजी?”

“डांबर लागलंय का ते.”

“डांबर रस्त्यावर असतं,” तो म्हणाला आणि पाय सोडवून गाडीत चढला.